रेडिओ ‘लावणे’ : घरगुती संचाची निगा व तिची परिभाषा

(भातसानगर येथील एका दुरुस्ती-वहीच्या निमित्ताने)

१. प्रास्ताविक

मराठी नभोवाणीचा इतिहास आजवर जो लिहिला गेला आहे तो बहुतांशी ध्वनिक्षेपण करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणते केंद्र कोणत्या साली सुरू झाले, कोणत्या कवीने वा नाटककाराने तेथे नोकरी केली, कोणती श्रुतिका गाजली, ह्याची माहिती आपणांस सहज मिळते. परंतु ध्वनिक्षेपण ही दोन टोके असलेली क्रिया आहे. एका टोकास प्रक्षेपक असतो, तर दुसऱ्या टोकास कोणाच्या तरी घरातील फळीवर ठेवलेला संच असतो. तो संच चालू स्थितीत नसेल तर प्रक्षेपक कितीही सामर्थ्यवान असला तरी ऐकणाऱ्यापुरते काहीच घडत नाही. हे इतके उघड आहे की, त्यामुळेच त्याकडे दुर्लक्ष झाले असावे.

प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे घरगुती संचाचा व त्याच्या निगेचा विचार करावयाचा आहे. लेखकाचे शिक्षण भाषाशास्त्राचे असल्याने ह्या विचाराची दिशा अखेरीस शब्दांकडे वळेल हे वाचकांनी गृहीत धरावे. मात्र शब्द समजावयाचे तर आधी वस्तू समजली पाहिजे, आणि वस्तू समजावयाची तर ती टिकविण्यासाठी माणसे काय करीत होती हे पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

ह्या विचारास निमित्त झाले ते एका वहीचे. शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या कामाबरोबर जी वसाहत उभी राहिली ती भातसानगर ह्या नावाने ओळखली जाते. तेथे एका वृद्ध गृहस्थांकडे जाण्याचा योग आला. धरणाच्या कामावर ते वायरमन म्हणून आले आणि सेवानिवृत्तीनंतर त्याच परिसरात राहिले. त्यांच्याकडे दोन संच आहेत: एक लाकडी पेटीचा मर्फी कंपनीचा व्हॉल्व्हचा रेडिओ व दुसरा जपानी बनावटीचा स्टिरिओ रिसीव्हर. दोन्ही चालू आहेत. दोन्ही चालू राहावेत म्हणून त्यांनी जे जे केले त्याची नोंद १९७९ पासून एका दोनशे पानी वहीत आहे. ही वही छापण्यासाठी लिहिलेली नाही, ती स्वतःच्या स्मरणासाठी आहे. साधन म्हणून तिचे मोल ह्याच कारणाने अधिक आहे.

२. आवाजाची हद्द

भारतात नियमित ध्वनिक्षेपणाचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस झाला. ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ ह्या खासगी संस्थेचा तो प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉट शक्तीचा होता व त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे ३० मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटरांचा धरला जाई. मुंबईपासून भातसा नदीचे खोरे सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे. तेव्हा शहापूर व मुरबाड हे तालुके जिल्ह्याच्या नकाशावर मुंबईचे शेजारी असले तरी आवाजाच्या नकाशावर ते प्रारंभी हद्दीबाहेर होते, असे म्हणावयास हरकत नाही. रात्रीच्या वेळी मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोचतात हे खरे, पण अशा ऐकण्यात लहरीपणा फार असतो.

संच बाळगण्यास परवाना लागे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखाली हा परवाना टपाल कचेरीतून मिळे व कंपनीच्या काळात त्याचे वार्षिक शुल्क १० रुपये होते. १९३० च्या अखेरीस साऱ्या देशात परवान्यांची संख्या आठ हजारांपर्यंतही पोचली नव्हती. कंपनी त्याच वर्षी बुडाली, सरकारने ते काम हाती घेतले आणि जून १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. परवान्याची पद्धत मात्र पुढे जवळजवळ अर्धशतक टिकली व १९८० च्या दशकाच्या मध्यास ती संपुष्टात आली. भातसानगरच्या गृहस्थांनी आपली परवाना-पुस्तिका अद्याप वहीच्या कव्हरात जपून ठेवली आहे. ह्या पुस्तिकेस सामाजिक अर्थही होता. बंदूक व वाहन ह्यांप्रमाणे रेडिओसाठीही सामान्य गृहस्थास सरकारची अनुज्ञा घ्यावी लागे. जी वस्तू बाळगण्यासाठी दर वर्षी पैसे मोजावयाचे ती बंद अवस्थेत ठेवणे कोणासच परवडत नसे. तेव्हा निगेची सवय लावण्यात परवान्याचाही थोडा वाटा असावा असे वाटते.

३. संच घराघरांत कसा आला

मराठी घरात संचास खरे स्थान मिळाले ते १९५० नंतरच्या दशकात. ह्यास कारणे तीन दिसतात.

पहिले कारण केंद्रांची वाढ. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. ह्याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर गीतरामायणाची ५६ गीते क्रमाने प्रसारित झाली. आठवड्याच्या ठराविक वेळी संच बिनचूक चालला पाहिजे, ही अपेक्षा ह्या मालिकेने अनेक घरांत प्रथमच निर्माण केली. आवडीचे गीत हुकले तर ते पुन्हा ऐकण्याचे साधन बहुतेकांपाशी नव्हते.

दुसरे कारण चित्रपटसंगीताचे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले व आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस ओहोटी लागली. श्रोते सिलोन केंद्राकडे वळले. सिलोन केंद्र लघुलहरींवर, २५ व ४१ मीटरच्या पट्ट्यांवर, ऐकावे लागे. परिणामी, केवळ मध्यम लहरींचा स्वस्त संच घेऊन भागेना. लघुलहरींचा पट्टा, लांब एरियल व हलक्या हाताने फिरविण्याची कळ असलेला संच हवासा झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती ह्याच ओढीस उत्तर म्हणून.

तिसरे कारण ग्रामीण श्रवणमंडळांचे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळात युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत मंडळे स्थापून आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम त्यांस ऐकविले गेले व प्रत्येक कार्यक्रमानंतर गावकऱ्यांनी त्यावर चर्चा केली. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व पुढे ही योजना देशभर नेली गेली. ह्या प्रयोगाची चर्चा नेहमी शिक्षण व लोकशाही ह्या दृष्टींनी होते. परंतु त्यात अध्याहृत असलेली एक अट क्वचितच उच्चारली जाते. ती म्हणजे, गावातील तो एकुलता एक संच दहा आठवडे नीट चालला पाहिजे. वीज नसलेल्या गावी संच बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की मंडळाची बैठकही मोडे. विचारविनिमयाचा सारा डोलारा अशा रीतीने एका पेटीच्या प्रकृतीवर उभा होता.

संच बनविण्याचे कारखानेही जवळ आले. ठाणे शहरात मर्फीचा, तर पुण्याजवळ लोणी काळभोर येथे फिलिप्सचा कारखाना होता. ओठांवर बोट ठेवलेल्या बालकाचे मर्फीचे चित्र मराठी घरांतील कॅलेंडरांवरून सर्वांच्या परिचयाचे झाले. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा आधार होता. आसनगाव स्थानकावर आगगाडीत बसावे, ग्रँट रोडला उतरावे व संध्याकाळी एक व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून परत आणावा, अशी नोंद वहीत तीन ठिकाणी आहे.

४. वहीतील निगा : व्हॉल्व्हचा संच

वहीतील नोंदी त्रोटक आहेत, पण त्यांतून निगेचे एक पद्धतशीर शास्त्र दिसून येते. येथे ते थोडक्यात मांडतो.

पहिला नियम वापराचा आहे. “पावसाळ्यात पंधरवड्यातून दोनदा तरी लावणे” असे पहिल्याच पानावर आहे. ह्यामागे दोन कारणे आहेत. व्हॉल्व्हच्या उष्णतेने पेटीतील ओल उडून जाते. आणि विद्युत्प्रवाह शुद्ध करणारी जी मोठी कंडेन्सरे असतात त्यांच्या आतील पातळ आवरण वापरानेच टिकते, दीर्घकाळ पडून राहिल्यास ते क्षीण होते. म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम पूर्ण दाबाच्या विजेस जोडू नये. तो विजेच्या दिव्याशी एकसर जोडावा. दिवा मंद राहिला तर ठीक, लखकन पेटला तर आत कोठे तरी दोष आहे असे समजून तत्काळ बंद करावा. वीस-पंचवीस रुपयांचा दिवा अशा वेळी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर वाचवितो.

दुसरा नियम कागदी कंडेन्सरांचा. जुन्या संचांतील मेण भरलेली कागदी कंडेन्सरे कोकणपट्टीच्या दमट हवेत हमखास गळू लागतात. त्यांपैकी जे कंडेन्सर अखेरच्या व्हॉल्व्हच्या जाळीस जोडलेले असते ते गळले तर त्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, तो लाल होतो व स्वतःबरोबर ट्रान्सफॉर्मरासही नेतो. “आधी हे बदल, मग बाकीचे बघ” असे वहीत ठळक अक्षरांत लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे.

तिसरा नियम जिवाचा आहे. व्हॉल्व्हच्या संचात २०० व्होल्टांहून अधिक दाब असतो व वीज तोडल्यानंतरही तो काही काळ कंडेन्सरांत साठून राहतो. शिवाय ज्या स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मर नसे त्यांची लोखंडी चौकट सरळ घरच्या विजेच्या एका तारेस जोडलेली असे. कळीची बेकेलाइटची टोपी निघाली व उघड्या दांड्यास हात लागला तर प्राणावर बेतावे, अशी ती रचना होती. ह्या संबंधात गृहस्थांनी आम्हांस जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो: “सर, काम करताना एक हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो.”

ह्याशिवाय सुईची दोरी, पेटीतील वाळवी, मागील पुठ्ठ्याच्या भोकांतून शिरणाऱ्या पाली, तारा कुरतडणारे उंदीर, दोन बांबूंमध्ये चिनी मातीच्या गोट्यांवर ताणलेली एरियल व ती विजेच्या कडकडाटात जमिनीशी जोडण्याची खिट्टी, ह्या साऱ्यांच्या नोंदी आहेत. अर्थिंगसाठी खड्ड्यात तांब्याची पट्टी, कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात त्यावर पाणी ओतावे असेही आहे. ज्या तालुक्यातून मुंबईस पाणी जाते त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांस चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी रेडिओच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतणे ही लहान गोष्ट नव्हे. गृहस्थ त्यासाठी भांडी विसळलेले पाणी वापरीत.

एक नोंद इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय वाटते. सप्टेंबर १९८३ मध्ये, जलाशय भरत आल्यानंतर, भातसा परिसरास भूकंपाचे धक्के बसले होते. त्या महिन्यात वहीत एवढेच आहे: “धक्क्याने फळी हलली. डावीकडचा व्हॉल्व्ह सैल. पुन्हा बसविला. बातम्या लागल्या.” भयाचा एकही शब्द तेथे नाही. वसाहतीत त्या रात्री कशाची गरज सर्वांत अधिक होती हे मात्र शेवटच्या दोन शब्दांवरून कळते.

५. स्टिरिओ रिसीव्हर

दुसरा संच १९८० नंतर घरात आला. आखाती देशात नोकरीस गेलेल्या मेहुण्यांनी तो आणला. त्या काळी कोकण व ठाणे जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत अशी यंत्रे आली. त्यांपैकी काही निरुपयोगी ठरली. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनविलेला संच १०० व्होल्टांवर चाले व त्याचा एफ. एम. पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असे, तर आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टांची व पट्टा १०८ पर्यंत. ह्या घरातील संच निर्यातीसाठी बनविलेला, मागे दाब निवडण्याची खिट्टी असलेला होता, हे सुदैव.

परंतु संच आला तेव्हा त्याच्या मुख्य सामर्थ्यास येथे काम नव्हते. डाव्या व उजव्या बाजूंचे ध्वनी वेगळे पाठविण्याची पद्धत अमेरिकेत १९६१ मध्ये मान्य झाली. तीत दोन्ही बाजूंची बेरीज नेहमीप्रमाणे पाठवितात व त्यांतील फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर चढवितात. सोबतचा १९ किलोहर्ट्झचा खुणेचा स्वर ऐकून ग्राहक संच दोन्ही बाजू पुन्हा वेगळ्या करतो. ह्यास एफ. एम. प्रक्षेपण लागते. भारतात ते प्रथम २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथे सुरू झाले. मुंबईच्या एफ. एम. वाहिनीवर खासगी निर्मात्यांस वेळ मिळू लागला तो १९९३ मध्ये. तोवर भातसानगरचा हा स्टिरिओ संच मध्यम लहरींवरचे एकेरी ध्वनीचे कार्यक्रमच दोन पेट्यांतून ऐकवीत होता.

पुढे एफ. एम. आले तरी अडचण राहिली. एफ. एम. लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि मध्ये डोंगर आहेत. क्षीण संदेशात स्टिरिओची खरखर एकेरी ध्वनीपेक्षा पुष्कळ अधिक असते. तेव्हा गृहस्थ ‘मोनो’ ही कळ दाबून ठेवतात. स्टिरिओ संच एकेरी ऐकण्यात त्यांस काही वावगे वाटत नाही. “दोन्हीकडून खरखर ऐकण्यापेक्षा एक गाणं नीट ऐकलेलं बरं,” असे ते म्हणाले.

ह्या संचाची निगा व्हॉल्व्हच्या संचाहून वेगळी आहे. येथे कळांच्या व फिरत्या गुंड्यांच्या आत साचणारी धूळ व गंज हा मुख्य शत्रू. आवाजाची गुंडी फिरविताना खरखर झाली तर संपर्क साफ करणारा फवारा मारून ती वीस-तीस वेळा पुढे-मागे फिरवावी. वाद्यपेट्यांच्या तारा संच बंद असतानाच जोडाव्यात. त्यांची टोके एकमेकांस लागली तर शेवटचे ट्रान्झिस्टर क्षणात जळतात. ध्वनिपडद्याच्या कडेची फेसासारखी पट्टी काही वर्षांत भुगा होऊन गळते, ती बदलता येते, त्यासाठी सारी पेटी टाकू नये. संचावर भरतकामाचा रुमाल घालू नये, कारण वरच्या फटींतून उष्णता बाहेर पडते. ह्या शेवटच्या नियमापुढे कंसात “घरात सांगितले” अशी नोंद आहे, आणि दोन वर्षांनंतर “पुन्हा सांगितले” अशी.

६. शब्दविचार

आता भाषेकडे वळू. ह्या वस्तूस मराठीत किती नावे सुचविली गेली! भाषाशुद्धीच्या काळात ‘नभोवाणी’ पुढे आला. ‘आकाशवाणी’ हा शब्द म्हैसूरच्या केंद्राने १९३० च्या दशकात योजला व पुढे तो साऱ्या देशाच्या सेवेचे नाव झाला. परंतु हे दोन्ही शब्द सेवेची नावे आहेत, पेटीची नव्हेत. पेटीसाठी ‘ग्राहक’, ‘ध्वनिग्राहक’ हे शब्द कोशांत राहिले. ‘रिसीव्हर’ हा इंग्रजी शब्द तर मराठीत दूरध्वनीच्या कानास लावावयाच्या भागाने आधीच व्यापला होता. घरात पेटी ‘रेडिओ’ वा ‘सेट’ ह्याच नावाने वावरली. ‘ट्रान्झिस्टर’ ह्या शब्दात आतल्या एका कणाएवढ्या भागाचे नाव संपूर्ण यंत्रास मिळाले. ‘स्टिरिओ’ ह्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘घन’ असा आहे, पण मराठी बोलीत तो मोठ्या आवाजाच्या कोणत्याही वाद्ययंत्रास लावला गेला, मग त्यातून ध्वनी एका बाजूने येवो वा दोन.

नामे अशी परकी राहिली. क्रियापदे मात्र मराठीच राहिली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वहीत ‘चालू करणे’ हा प्रयोग फारसा आढळत नाही. तेथे रेडिओ ‘लावला’ जातो व स्टेशन ‘लागते’. ‘लावणे’ हे क्रियापद मराठीत दिव्यास लागू आहे, तसेच तंबोऱ्यासही आहे. दिवा लावला म्हणजे प्रज्वलित केला. तंबोरा लावला म्हणजे सुरात आणला. रेडिओच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण व्हॉल्व्हचा संच आधी दिव्याप्रमाणे पेटतो व मग तंबोऱ्याप्रमाणे जुळवावा लागतो. इंग्रजीत ह्या दोन क्रियांना दोन वेगळी क्रियापदे आहेत. मराठीस एकच पुरले.

‘लागणे’ हे त्याचे अकर्मक रूपही तितकेच बोलके आहे. “सिलोन लागत नाही” ह्या वाक्यात ऐकणाऱ्याकडे कर्तृत्व नाही. त्याने लावले होते, पण ते लागले नाही. मधले अंतर हवामानाचे, डोंगराचे वा कंडेन्सरचे असू शकते. प्रयत्न माणसाचा व सिद्धी त्याच्या हाताबाहेरची, हा भेद मराठीच्या क्रियापदांच्या जोडीत मुळातच आहे; रेडिओने त्यास नवे क्षेत्र दिले एवढेच.

दोषांची परिभाषा पाहिली तर ती जवळजवळ संपूर्णपणे शरीराची व गळ्याची आहे. आवाज ‘बसतो’, ‘फाटतो’, ‘चिरका’ वा ‘घोगरा’ होतो, संच ‘तापतो’, ‘गुणगुणतो’, स्टेशन ‘सरकते’, व्हॉल्व्ह ‘उतरतो’, कंडेन्सर ‘गळते’. ह्यांतील ‘बसणे’ व ‘फाटणे’ हे शब्द गवयाच्या गळ्यासंबंधी जसे वापरतात तसेच येथे आले आहेत. दोष कानाने ओळखावयाचा असल्याने कानाने कमावलेले शब्दच उपयोगी पडले, असे ह्याचे स्पष्टीकरण देता येईल. आणि हे केवळ अलंकरण नाही. ‘फाटणे’ व ‘गुणगुणणे’ हे दोन वेगळ्या दोषांचे निदान आहे: पहिल्याचा शोध अखेरच्या व्हॉल्व्हपाशी घ्यावयाचा, दुसऱ्याचा वीज शुद्ध करणाऱ्या कंडेन्सरांपाशी.

‘कंडेन्सर’ ह्या शब्दाविषयी एक टीप द्यावीशी वाटते. इंग्रजी तांत्रिक भाषेने हा शब्द बऱ्याच अंशी टाकून ‘कपॅसिटर’ हा स्वीकारला, त्यास कित्येक दशके लोटली. मराठी कारागिराच्या तोंडी मात्र आजही, अगदी छताच्या पंख्यासाठीही, ‘कंडेन्सर’च आहे. उसनवार घेतलेला शब्द मूळ भाषेत लोपतो व घेणाऱ्या भाषेत टिकतो, ह्या सर्वपरिचित नियमाचे हे सुबक उदाहरण होय. वहीत १९७९ च्या नोंदीत ‘किलोसायकल’ आहे व नंतर कधी तरी ‘किलोहर्ट्झ’ आले आहे. वही लिहिणाऱ्याने एक शब्द बदलला, दुसरा बदलला नाही. पहिला त्याने आकाशवाणीच्या उद्घोषणेतून ऐकला, दुसरा त्यास लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराशी बोलताना लागे. शब्द कोणाच्या सहवासात राहतो त्यावर त्याचे आयुष्य ठरते.

७. काय जपावयाचे

येथे एक व्यक्तिगत प्रसंग सांगण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचा पाच व्हॉल्व्हचा संच त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षे बंद होता. तो एका शहरातील कारागिराकडे दिला. महिन्याने परत मिळाला तेव्हा पेटी पॉलिश करून चकचकीत केलेली होती, सुई नवी होती आणि आवाजही मोठा येत होता. मागील पुठ्ठा काढून पाहिले तेव्हा आत तळहाताएवढी एक पट्टी व दोन तारा होत्या. चौकट, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, सारे भंगारात गेले होते. कारागिराने फसविले असे म्हणता येत नाही. त्यास ‘चालू करून द्या’ असे सांगितले होते व त्याने ते केले होते. चूक सांगण्यात होती. ‘पुन्हा लागेल असा करून द्या’ असे सांगावयास हवे होते, हे भातसानगरची वही वाचल्यावर कळले. पूर्वी कळ फिरविली की आवाज येण्यास अर्धा मिनिट लागे. वडील तेवढ्यात चष्मा पुसून घेत. तो अर्धा मिनिट आता त्या पेटीत नाही.

अशा पेट्या आज अनेक घरांत शोभेच्या वस्तू म्हणून आहेत. त्यांच्या मालकांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. अडचणी खऱ्या आहेत. अलीकडच्या काळात देशातील बरेच मध्यम-लहर प्रक्षेपक बंद करण्यात आले असल्याने दुरुस्त केलेल्या संचावर लावण्यासारखे फार थोडे उरले आहे. जे उरले आहे त्यावर घरोघरच्या एल. ई. डी. दिव्यांची व चार्जरांची खरखर चढते. भातसानगरच्या घरात रात्री बातम्यांच्या वेळी दोन दिवे मालवून एक जुना तारेचा दिवा लावतात, तो ह्याचसाठी. व्हॉल्व्ह मिळणे दुर्मिळ आहे. आणि मुख्य म्हणजे दोष कानाने ओळखणारे कारागीर आता सत्तरीपलीकडे गेले आहेत.

तथापि वस्तूंचे संग्रह करणारे लोक आहेत, छायाचित्रे घेणारेही आहेत. ज्याचा संग्रह कोणीच करीत नाही तो निगेचा व्यवहार आणि त्याची भाषा. रिकामी केलेली पेटी संग्रहालयात ठेवता येईल, पण ‘फाटणे’ व ‘गुणगुणणे’ ह्यांतील भेद तिच्यावरून कोणास कळणार नाही. हा भेद ऐकविण्यासाठी संच चालू हवा, आणि तो संच उघडून दाखविणारा माणूसही हवा.

ह्यास्तव आमची सूचना साधी आहे. आपल्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या गावी जावे. घड्याळजी, शिवणयंत्र दुरुस्त करणारे, रेडिओ मेकॅनिक ह्यांच्याजवळ बसावे व त्यांचे शब्द, विशेषतः क्रियापदे, त्या त्या दोषाच्या प्रत्यक्ष ध्वनीसह नोंदवून घ्यावीत. नामांचे कोश आपल्याकडे पुष्कळ झाले. कोणत्या वस्तूचे काय ‘होते’ ह्याचा कोश अद्याप व्हावयाचा आहे. वहीचे मालक आपली वही छायाचित्रे घेण्यासाठी देण्यास तयार आहेत. अट एवढीच की, ती घराबाहेर न्यावयाची नाही. कारण विचारले तेव्हा त्यांनी मर्फीच्या पेटीकडे बोट दाखविले व म्हणाले, “पावसाळा येतोय. लागेल मला.”

निरोप घेताना त्यांनी संच लावला. सुईमागील दिवा पेटला, थोडा वेळ काहीच झाले नाही, मग दुरून येत असल्यासारखी खरखर आली व तिच्यातून मराठी बातम्यांचा आवाज हळूहळू स्पष्ट झाला. स्टेशन लागले होते.